बांधाला बांध

कार्तिक सरत आला की मला अजूनही पहाटे दचकून जाग येते. वाटतं, उशीर झाला, सगळे रानात गेले असतील आणि मी एकटीच अंथरुणात. मग हळूहळू ध्यानात येतं की आता कुठलं रान आणि कुठली कापणी. खाली रस्त्यावर दूधवाल्याची गाडी थांबलेली असते, शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडलेला असतो, आणि मी पुन्हा पांघरूण ओढून घेते. पण झोप काही येत नाही.

गेल्या आठवड्यात नातू वेल्ह्याकडं निघाला होता, तेव्हा हट्टानं त्याच्याबरोबर गेले. नसरापूर मागं पडलं आणि रस्त्याच्या कडेला डांबरावरच पसरून ठेवलेलं भात दिसायला लागलं. काही ठिकाणी यंत्रावर मळणी चालली होती, फोलपटांचा धुरळा उडत होता. गाडीच्या काचा बंद. मी नातवाला म्हटलं, "काच खाली घे रे जरा."

"आजी, धूळ येईल."

"येऊ दे."

धूळ आली आणि तिच्याबरोबर तो वास आला. नुकत्या कापलेल्या भाताचा, ओलसर पेंढ्याचा, सुकत चाललेल्या खाचरातल्या चिखलाचा. समोर तोरणा धुक्यातून वर येत होता. मी डोळे मिटून घेतले. नातवाला वाटलं, आजीला डुलकी लागली. मी मात्र पार सत्तावन्न-अठ्ठावन्न सालाच्या सुमाराला जाऊन पोचले होते, गुंजवणीच्या काठावरच्या आमच्या खाचरात, दादांच्या मागं, हातात विळा घेऊन.

दादा म्हणजे माझे वडील. अंगानं किरकोळ, बोलायला कमी, आणि चालायला इतके झपझप की मला त्यांच्यामागं पळावं लागायचं. जमीन म्हणायची तर नदीकाठची चार खाचरं आणि वर उतारावर नाचणी-वरईपुरतं माळरान. पण आमच्याकडं कापणीला कधी माणूस कमी पडलं नाही. गावात सावड होती. आज आम्ही सगळे तुमच्या रानात, उद्या तुम्ही सगळे आमच्या रानात. मजुरी नाही, हिशेब नाही. सकाळी दवानं लुगडी गुडघ्यापर्यंत भिजायची, बायका एका ओळीत वाकायच्या आणि विळ्यांचा खसाखसा आवाज सुरू व्हायचा. मध्येच कुणीतरी गाणं उचलायचं. दुपारी बांधावर बसून नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि फोडलेला कांदा. पुढं आयुष्यात पंक्ती खूप बघितल्या, त्या बांधावरच्या जेवणासारखी चव कुठं मिळाली नाही.

आमच्या खालच्या खाचराला लागून ठकूबाईचं रान होतं. ठकूबाई धनगराची. तिची माणसं वर डोंगरातल्या वाडीवर गुरं, शेरडं राखून राहायची. तिचा नवरा तरुणपणी खाली उतरला आणि गावचे मोठे जमीनदार आप्पासाहेब, त्यांची दोन खाचरं त्यानं वाट्यानं करायला घेतली. तो गेला, मूलबाळ नव्हतं, पण ठकूबाई काही वर वाडीवर परत गेली नाही. एकटी राबायची. नांगराला बैल दादा द्यायचे, लावणीला आम्ही जायचो, तीही आमच्याकडं यायची. माझ्या जन्माच्या आधीपासून मालकाचा वाटा ती मालकाच्या दारात पोचता करत आली होती. आमच्या लेखी ते रान ठकूबाईचंच. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं. तिच्याशिवाय दुसरं कुणी त्या चिखलात पाय घालताना आम्ही पाहिलंच नव्हतं.

मग कूळ कायदा आला. भोरचं संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती, आणि कसेल त्याची जमीन हे बोलणं नसरापूरच्या बाजारापासून आमच्या चावडीपर्यंत येऊन पोचलं होतं. ज्यांच्याकडं जमिनी होत्या ते अस्वस्थ झाले. आप्पासाहेबांनी भोरच्या कचेरीत लिहून दिलं की ठकूबाई आपलं कूळ नाही, रोजानं कामाला येणारी बाई आहे, जमीन आपण स्वतः कसतो.

आप्पासाहेब काही दुष्ट माणूस नव्हते, हे आधी सांगायला हवं. गावात त्यांचा शब्द चालायचा आणि तो बहुतेक वेळा बरा असायचा. दादांना विषमज्वर झाला तेव्हा त्यांनीच स्वतःची बैलगाडी जुंपून त्यांना भोरला डॉक्टरकडं नेलं होतं. आई त्यांचं नाव घेताना डोक्यावरचा पदर सारखा करायची. त्यात माझं लग्न त्यांच्याच भाच्याशी ठरलेलं. मुलगा कामथडीचा. आप्पासाहेबांनीच शब्द टाकला होता. मार्गशीर्षात, कापणी उरकली की लग्न.

मुलाला मी एकदाच पाहिलं होतं, नसरापूरच्या बाजारात. आईच्या मागं उभी राहून. तो कुणाशी तरी बोलत होता आणि बोलता बोलता मोठ्यानं हसला. मान मागं टाकून, सगळे दात दाखवून. घरी येताना सगळा रस्ता मी ते हसू बरोबर घेऊन आले. आता हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी सतरा-अठराची होते आणि तेवढं मला पुरेसं होतं.

दसरा झाला. भातं पिवळी पडू लागली. एके दिवशी दुपारी आप्पासाहेब स्वतः आमच्या घरी आले. आईनं घोंगडी अंथरली, गुळाचा चहा केला. मी दाराआड उभी. सोयरिकीचं बोलायला आले असतील असं वाटून कान टवकारले होते.

त्यांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ठकूबाईनं साक्षीदार म्हणून तुमचं नाव दिलंय."

"व्हय, सांगत होती," दादा म्हणाले.

"मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. तुमच्यासारख्या माणसाला तसं कसं म्हणेन? फक्त ठाऊक नाही म्हणा. रान कोण करतं, कुणाच्या नावानं करतं, मला ठाऊक नाही. एवढंच. बाकी मी बघतो."

 दादा म्हणाले, "आप्पासाहेब, तिच्या आन माझ्या रानात एकच बांध हाये. मला ठाऊक न्हाई म्हनलं तर कुणाला ठाऊक असंल?"

आप्पासाहेब चिडले नाहीत. उठले, जोडे घातले आणि दारात थांबून शांतपणे म्हणाले, "पोरीचा विचार करा."

ते गेल्यावर आईनं जे तोंड सोडलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. मला आईचा राग तेव्हा आला होता, पण आता वाटतं, तिचं बोलणं खोटं कुठं होतं? ती म्हणत होती, "तुमच्या आजारात धाऊन कोन आलं? ही ठकू आली? पोरीचं लगीन मोडलं तर पुन्हा कोन दारात उभं राहील? गावात ऱ्हायचंय का न्हाई आपल्याला? खरं खरं करून पोरीचं वाटोळं करताय तुमी!"

 आईनं भाकऱ्या थापल्या त्याही रागानं, दोन करपल्या.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात शेण काढत होते. दादा आले आणि गव्हाणीच्या कडेला टेकले. दादा माझ्याशी असे समोर बसून कधी बोलत नसत. त्या काळात बाप आणि लेक कामापुरतंच बोलायचे.

"इंदे," ते म्हणाले, "तुझी आई म्हनतीया ते खरं हाये. म्या भोरला जाऊन बोललो की तुझं लगीन मोडंल. माझं काय, मी कसाबी निभावून नेईन. पर ह्यात तुझं जातंय. म्हून तुला इचारतो. तू नगं म्हन, म्या न्हाई जात."

मला रडू फुटलं. मला ते लग्न हवं होतं हो. मला कामथडीचं घर हवं होतं, ते हसू हवं होतं. नको म्हणायला तोंड उघडलंही होतं. आणि नेमकी त्याच वेळी, समोरच्या पायवाटेनं ठकूबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. तिनं मला हाक मारली, रोजच्यासारखी, "काय गं इंदू, झालं का शेण?" मी मान खाली घातली. मला तिच्याकडं बघवेना.

ती पुढं गेल्यावर मी दादांना म्हटलं, "दादा, तुमी ठाऊक न्हाई म्हनून आलात, तर ती उद्या हितनं जाताना मी तिच्याकडं बघू का नगं?"

 दादा उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तूबी चल भोरला. तुझंच काम हाये हे."

सुनावणीच्या दिवशी आईनं आमच्याबरोबर भाकरी बांधून दिली. बोलली नाही, पण फडक्यात लसणाची चटणी होती, दादांना आवडायची ती.

ठकूबाई, दादा आणि मी अंधारातच घरातून निघालो, नसरापूरपर्यंत चालत आणि तिथून एसटीनं भोरला. ठकूबाई एसटीत पहिल्यांदाच बसत होती. तिनं पुढच्या बाकाची दांडी जी धरली ती भोरच्या स्टँडवरच सोडली. भोरला त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राच्या सभा भरायच्या. भिंतीभिंतींवर चुन्यानं लिहिलेलं होतं, चौकात कुणीतरी तरुण गळ्याच्या शिरा ताणून भाषण करत होता, तुरुंगात जायला तयार आहोत म्हणून सांगत होता. मला ते फार भारी वाटलं. दादा मात्र त्या गर्दीतून अंग चोरून वाट काढत होते. त्यांच्या हातात भाकरीचं गाठोडं होतं आणि एका पायातली वहाण तुटली होती.

कचेरीत भिंतीला टेकून आम्ही बसलो. पुकारा झाला. दादा मामलेदारसाहेबांसमोर टोपी नीट करून उभे राहिले. मी दारातून बघत होते. त्यांनी सांगायचं ते सांगितलं: रान ठकूबाई करते, आधी तिचा नवरा करायचा, लावणी तिची, राखण तिची, मालकाला वाटा तीच देते, आणि हे मी रोज डोळ्यांनी बघतो. एका दमात सांगून टाकलं, जणू पाठ केलं होतं.

मग आप्पासाहेबांचे वकील उठले. पुण्याचे होते, काळा कोट, बोलणं गोड.

"तुमच्या मुलीचं लग्न यांच्या भाच्याशी ठरलं होतं, बरोबर?"

"व्हय."

"ते लग्न मोडलं म्हणून तुम्ही आज यांच्याविरुद्ध बोलताय. सरळ सांगा ना."

दादा गोंधळून त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई साहेब. लगीन अजून मोडल्यालं न्हाई. आज माझं बोलनं झालं की मग मोडंल."

 वकीलसाहेब कागद चाळायला लागले. मामलेदारांनी टाक खाली ठेवला, चष्मा काढून दादांकडं बघितलं आणि मग दारातल्या माझ्याकडं. मी पदर तोंडावर ओढला. शेजारी ठकूबाई होती. तिनं माझा हात धरला, एसटीतली दांडी धरली होती तसाच, घट्ट.

आप्पासाहेब एका खुर्चीवर बसले होते. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

लग्न मोडल्याचा निरोप आम्ही गावात पोचल्यावर लगेचच आला. निरोप्यानं कारण सांगितलं, पत्रिका जुळत नाही. आई चुलीपुढं बसली होती. ती रडली नाही, आरडाओरडाही केला नाही. तिनं दादांशी बोलणंच टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही.

आणि मग कापणी आली. भातं पिकून वाकली, आणि आमच्याकडं सावडीला कुणी आलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. एकाच्या घरी पाहुणे होते, दुसऱ्याच्या बैलाचा पाय मुरगळला होता, तिसऱ्याची बाळंतिणीची सबब. माणसं आप्पासाहेबांना भीत होती, आणि भीतीचं नाव घेणं कुणालाच बरं वाटत नाही. कालपर्यंत ज्या बायकांच्या ओळीत मी वाकत होते त्या पलीकडच्या रानात गाणं म्हणत होत्या आणि वारा ते गाणं आमच्यापर्यंत आणत होता. आम्ही तिघं: दादा, आई, मी. आभाळ भरून यायला लागलेलं. पिकलेलं भात उभं राहिलं की दाणा झडतो. पाय टाकला तरी खाली सडा पडायचा.

एका सकाळी बघते तर ठकूबाई आमच्या बांधावर उभी. हातात विळा. तिचं स्वतःचं भात आमच्याइतकंच पिकून उभं होतं.

आई तिला बघून ताठ झाली. "तुझं तू काप जा. तुझ्यापायीच झालंय हे समदं."

"व्हय वैनी," ठकूबाई म्हणाली, "माझ्यापायीच झालंय."

आणि ती खाली उतरून कापायला वाकली.

आईनं पदर खोचला. मग तीही वाकली. दोघी एकाच ओळीत, बोलणं नाही की बघणं नाही, पण हात मात्र एकमेकींच्या बरोबरीनं चाललेले. दुपारी आम्ही बांधावर बसलो. ठकूबाई लांब जाऊन, पाठ करून, आपली भाकरी सोडायला लागली. आईनं तिच्याकडं न बघताच हाक मारली, "हितं ये की गं. चटणी हाये." ठकूबाई आली. आईनं तिच्या भाकरीवर चटणी घातली, मग दादांच्या भाकरीवर. आणि किती दिवसांनी तिनं दादांना विचारलं, "कांदा देऊ?"

 दादांनी भाकरी तिच्यापुढं धरली.

आमचं भात निघालं, पण त्यातलं बरंच खाचरातच झडून गेलं होतं. पाखरांची चंगळ झाली. ठकूबाईचं तर आमच्याहून जास्त गेलं. त्या वर्षी आम्ही तांदूळ सणापुरता ठेवला आणि नाचणीवर वर्ष काढलं.

पुढं काय झालं? निकाल ठकूबाईच्या बाजूनं लागला, आप्पासाहेबांनी वर अपील केलं, तारखा पडत राहिल्या, आणि शेवटी तडजोड झाली. खालचं खाचर ठकूबाईला, वरचं आप्पासाहेबांना. मला इतका संताप आला. म्हटलं, आमचं सगळं गेलं आणि हिनं अर्ध्यावर मिटवलं? मी ठकूबाईला तसं बोललेसुद्धा. ती म्हणाली, "पोरी, मला रोज त्यांच्याच आळीतनं पान्याला जायाचंय. किती साल भांडू? खालचं रान बेस हाये, पानी धरतंय."

मी दादांकडं गेले. वाटलं, त्यांनाही वाईट वाटलं असेल. ते खळ्यावर पेंढा रचत होते. मी रागानं सगळं सांगितलं तर हसायलाच लागले. म्हणाले, "अगं, म्या काय तिला रान मिळवून द्यायला गेलो हुतो व्हय? मला इचारलं, म्या सांगितलं. रानाचं तिनं बघावं."

हे वाक्य मी पुढं जन्मभर मनात घोळवत आले. तरुणपणी मला वाटायचं, सर्वस्व पणाला लावायचं तर कशासाठी? देशासाठी, राज्यासाठी, मोठ्या तत्त्वासाठी. भोरच्या चौकात त्या दिवशी बोलणारा तो तरुण माझ्या डोळ्यांपुढं असायचा. तोही खरा होता, त्याला कमी लेखायचं नाही मला. पण दादांपुढं ना झेंडा होता ना टाळ्या. शेजारणीचा रोज दिसणारा राबता हात होता, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर दिसतं तेच सांगायचं, एवढंच होतं. त्यापायी त्यांनी गावाची सोबत घालवली, पीक घालवलं, बायकोचं बोलणं घालवलं. ज्या माणसानं गाडी जुंपून त्यांचा जीव वाचवला होता त्याचा लोभ घालवला, आणि मला वाटतं, हे शेवटचंच त्यांना सगळ्यात जड गेलं. पुढं आप्पासाहेब आजारी पडले तेव्हा दादा रोज त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे. आत बोलावणं येवो न येवो.

आणि माझं काय? स्वतःचं पणाला लावणं वेगळं आणि लेकीचं लावणं वेगळं. त्यांना तो हक्क होता का, हा प्रश्न मी कितीतरी रात्री उलटून पालटून बघितलाय. पुढची दोन-तीन वर्षं माझ्यासाठी स्थळ आलं नाही. बरोबरीच्या मुली लेकुरवाळ्या होऊन माहेरी यायच्या आणि मी गोठ्यात. एसटी कामथडीवरून जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायची. अशा वेळी मला दादांचा रागही यायचा. पण तो फार टिकत नसे, कारण मग आठवायचं ते गव्हाणीवर टेकून बसलेलं त्यांचं किरकोळ अंग आणि "तू नगं म्हन, म्या न्हाई जात." ते गेले असते न विचारता, तर मी त्यांना माफ केलं असतं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी विचारलं. माझ्या काळात मुलीला काही विचारलं गेलेलं मी दुसऱ्या घरात पाहिलं नाही.

साठ सालाच्या आसपास, पुन्हा कापणीच्याच दिवसांत, भोंगवलीचं एक स्थळ आलं. बघायला चार माणसं आली होती. गाव हळूहळू पुन्हा बोलायला लागलं होतं, सावडीला माणसं येऊ लागली होती. आईनं अंगण सारवलं, मला तिचं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसवलं. मी पोहे दिले, नाव सांगितलं, आत आले. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मुलीचं आधी कामथडीला ठरलं हुतं म्हनं. मोडलं कशानं?"

 दादा घसा खाकरायला लागले. मध्यस्थानं घाईनं उत्तर पुढं केलं, "पत्रिका जुळली नाही हो. तेवढंच."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. परक्या पुरुषांसमोर ती कधी बोलायची नाही. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दारातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पत्रिका झ्याक जुळली हुती. आमच्या ह्यांनी भोरला जाऊन खरं सांगितलं, म्हून मोडलं."

मध्यस्थानं कपाळाला हात लावला. ते म्हातारे, जे पुढं माझे सासरे झाले, दादांकडं वळले आणि म्हणाले, "काय झालं हुतं? बैजवार सांगा."

दादा सांगायला लागले. आई आत आली.  तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पातेलं घेतलं, पाणी ओतलं आणि म्हणाली, "लाकडं सार पुढं. त्यांना वेळ लागंल, अजून एक चहा करू."